पंगतीतला सल्ला

लग्नाच्या पंगतीत करिअरचा सल्ला अजूनही फुकट वाढला जातो, आणि तो बहुधा चाळीस वर्षं शिळा असतो. ‘सरकारात चिकट, पेन्शनची चिंता मिटली’ हा त्यातला मेरुमणी. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुनी पेन्शन सरसकट मिळेनाशी झाली. तीच परत मागायला मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले होते. पण सल्ला देणाऱ्या काकांची स्वतःची पेन्शन वेळेवर जमा होते, मग त्यांना ते कशाला आठवेल? ‘खासगीत गेलास तर निदान कायम हो,’ हा दुसरा. लालबाग-परळच्या गिरण्यांत कायम असलेल्यांचं १९८२च्या संपानंतर काय झालं, ते त्याच पंगतीतल्या एखाद्या आजोबांना विचारावं. मात्र ‘नोकरी बदललीस की फंड मोडतो’ हा समज मला सगळ्यांत महागात पडणारा वाटतो. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीला यूएएन क्रमांक आहे. मालक बदलला तरी तो बदलत नाही, जुनी शिल्लक नव्या खात्यात वळवता येते. तरीही पोरं राजीनाम्यानंतर पैसे काढतात, मोबाइल घेतात, आणि सोबत पेन्शनचे पैसेही उचलले की त्यासाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेची मोजणी पुन्हा शून्यावर येते. म्हणजे फंड मोडतो खरा, पण तो मोडणारा आपणच असतो. हे काकांना सांगायला जावं, तर तोवर जिलबी आलेली असते.