स्तिफादो : मांसाइतकाच कांदा

ग्रीसमधील घरोघरी शिजणारा ‘स्तिफादो’ हा मांसाचा दाट रस्सा. परंतु त्याची खरी ओळख कांद्यात आहे. गोमांस किंवा सशाचे मांस जितके, जवळजवळ तितक्याच वजनाचे छोटे अखंड कांदे त्यात घालतात. जोडीला टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लाल वाइन, थोडा व्हिनेगर आणि दालचिनी-लवंगेसारखे आपल्या ओळखीचे मसाले.

मंद आचेवर दोन-अडीच तास शिजताना मांसातील चिवट कोलॅजेनचे जिलेटिन होते. त्यामुळे कठीण भागही मऊ होतात. मांसातून उत्तम प्रथिने, सहज शोषले जाणारे लोह, जस्त आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळते. टोमॅटोमधील लायकोपिन तेलात शिजल्याने शरीरास अधिक लाभते.

तथापि गुण पाहताना प्रमाण विसरू नये. १९५८ साली सुरू झालेल्या ‘सात देशांच्या अभ्यासा’त क्रीट बेटावरील ज्या आहाराची वाखाणणी झाली, त्यात मांस क्वचितच असे; रोजचा आधार भाज्या, कडधान्ये, पाव आणि ऑलिव्ह तेल यांचा होता. आजही शिजवलेले लाल मांस आठवड्यात ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

वाइनमधील मद्यार्क दीर्घकाळ शिजवूनही पूर्णपणे उडून जात नाही. मुलांसाठी करताना ती वगळावी, व्हिनेगरचा आंबटपणा पुरेसा होतो. मीठही बेतानेच घालावे. पानात मांसाचे तुकडे मोजके आणि कांदे भरपूर वाढावेत. या पदार्थाची मूळ रीतही त्याला अनुकूलच आहे.