जुना फोन आईच्याच वाट्याला का?

घरात नवा फोन आला की तो कोणाकडे जाणार, हे कोणी ठरवत बसत नाही. ते ठरलेलंच असतं. नवा मुलाला, नाहीतर यजमानांना. त्यांचा जुना मुलीला. आणि मुलीचा, काचेला तडा गेलेला, दुपारपर्यंत बॅटरी मान टाकणारा, तो आईला! "आई, तुला काय, व्हॉट्सॲप बघायचं नि अभंग ऐकायचे. तेवढ्याला हा भरपूर झाला," असं म्हणून तो तिच्या हातात ठेवला जातो. आईही शेजारणीला कौतुकानं सांगते, "लेकानं मला फोन दिला हो!"

मैत्रिणींनो, शिळी पोळी आणि जुना फोन या दोन गोष्टी आपल्या घरात एकाच माणसाच्या ताटात पडतात. टाकून देऊ नये, या विचारात वाईट काही नाही. काटकसरीवरच आपले संसार उभे राहिले. पण शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकली की एका वेळचा प्रश्न मिटतो. फोनचं तसं राहिलेलं नाही.

आपल्या देशात मोबाइलवरून पहिला कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. त्यानंतर कितीतरी वर्षं मोबाइल म्हणजे फक्त बोलायचं यंत्र होतं. तेव्हा कोणाचाही जुना हँडसेट कोणीही वापरला तरी बिघडत नव्हतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी इंटरनेटही स्वस्त झालं, आणि बघता बघता बँकेचं पासबुक, गॅसचं बुकिंग, मुलांच्या शाळेच्या सूचना, दवाखान्याचे रिपोर्ट सगळं त्या चार बोटांच्या काचेत जाऊन बसलं. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. २०२५ मध्ये तिची ई-केवायसी करायची वेळ आली तेव्हा ओटीपी आला तो आधारला जोडलेल्या नंबरावर. आता तो नंबर मुलाच्या नावावरच्या सिमचा असेल, आणि मुलगा ते सिम घेऊन पुण्याला नोकरीला गेला असेल, तर बाईनं काय करायचं? दिवसभर त्याच्या फोनची वाट बघायची!

आमच्या बचत गटाच्या कामात हे मी वारंवार पाहते. बाई हिशेबाला पक्की असते. शंभर रुपयांचा फरक आला तर रात्री झोपत नाही. पण फोनमधला ई-मेल कोणाचा, असं विचारलं की म्हणते, "ते आमच्या दादूनं घातलंय." लॉक कोणाच्या बोटानं उघडतं? "ह्यांच्या आणि माझ्या." पासवर्ड? "ते ह्यांनाच माहीत." म्हणजे फोन तिच्या पिशवीत, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. घरातली माणसं प्रेमाची असतात, मान्य आहे. पण माहेरी बहिणीशी काय बोललं, गटाचे पैसे कुठे ठेवले, हे तिला न विचारता कोणालाही बघता येत असेल, तर त्याला तिचा फोन कसं म्हणायचं?

फोन बदलताना तर ही गोष्ट फारच महागात पडते. आमच्याकडच्या एका बाईंचा जुना फोन घरच्यांनी परस्पर दुकानात बदलून आणला. त्यांना खूश करायचं होतं, हेतू चांगलाच होता. नवा फोन छान निघाला. पण त्या जुन्या फोनमध्ये बाईंच्या वारलेल्या आईनं पाठवलेले आवाजाचे निरोप होते. "जेवलीस का गं?" एवढंच असायचं त्यात. बॅकअप कोणी घेतलाच नव्हता. दुकानदारानं फोन साफ करून पुढे विकलाही. "काय झालं एवढं, नवा आलाय ना," असं घरचे म्हणाले. काय झालं ते त्यांना कसं समजावणार?

आकडेही हेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फरक पडला असेलच. पण हातात फोन असणं आणि फोनचा ताबा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बायकांना यातलं कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी अंगणवाडी सेविकांची आठवण करून देते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल कार्यालयात नेऊन परत केले. हे फोन तापतात, अडकतात, यांच्यात कामाचं ॲप नीट चालत नाही आणि ते ॲप मराठीत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. फोनची क्षमता किती हवी, भाषा कोणती हवी, हे त्या रस्त्यावर उभ्या राहून सांगत होत्या. ज्या बाईला आपलं काम ठाऊक आहे, तिला त्या कामाचं हत्यार कसं हवं हेही ठाऊक असतं. घरातली बाई तेवढं घरच्यांना का सांगू शकत नाही?

"पण जुना चालतोय की!" असं आपणच म्हणतो. चालतोय तोवर जरूर वापरावा. महागड्या फोनचा आग्रह मी धरत नाही. मात्र फार जुन्या फोनला कंपनीकडून सुरक्षेची सुधारणा मिळणं बंद होतं, पुढे बँकेची ॲप त्यात चालेनाशी होतात, आणि पैशाचा व्यवहार अशा फोनवर ठेवणं म्हणजे कडी मोडलेल्या कपाटात दागिने ठेवणं. तेव्हा पुढच्या वेळी घरात फोन घ्यायचा ठरलं, की यंदा कोणाची गरज मोठी आहे, हा प्रश्न जेवणाच्या पानावर निघू द्या. साधा असेल, पण आपल्यासाठी घेतलेला, आपण दुकानात हातात धरून पाहिलेला असावा.

आणि तो आला, की बदलाबदल आपल्या हातानं करा. मुलाला शेजारी बसवा, पण बोटं आपली चालू द्या. आधी जुन्या फोनमध्ये ई-मेल कोणाचा आहे ते बघा. आपला नसेल तर स्वतःच्या नावाचा उघडा आणि पासवर्ड कपाटातल्या वहीत लिहून ठेवा. सगळे नंबर आणि फोटो त्या खात्यात जमा होऊ द्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स'मध्ये जाऊन बॅकअप घ्या. दोन्ही फोन जवळ असतील तर एकाचा क्यूआर कोड दुसऱ्यानं टिपून चॅट थेट नेण्याची सोयही आता आहे. मग सिम नव्या फोनमध्ये घाला. व्हॉट्सॲप सुरू करताना सहा आकडी कोड येतो, तो कोणालाही सांगायचा नाही. पैशाचं ॲप सुरू करताना तुमच्याच सिमवरून एक एसएमएस बँकेकडे जातो, त्यामुळे बँकेत दिलेला नंबर आणि फोनमधलं सिम एकच हवं. पिन विसरला असाल तर डेबिट कार्ड हाताशी ठेवा, नवा पिन करता येतो. मात्र पिन दुकानदाराला टाकायला देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी!

जुना फोन आठ-दहा दिवस घरातच राहू द्या. काही राहून गेलं असेल तर तेवढ्यात लक्षात येतं. सगळं आलं अशी खात्री पटली, की मेमरी कार्ड काढा, आपलं खातं त्यातून हटवा आणि 'फॅक्टरी रिसेट' करा. नुसते फोटो पुसून फोन दुसऱ्याला देणं बरं नव्हे. फुगलेली बॅटरी किंवा बंद पडलेला फोन कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आणखी एक. सिमचं म्हणाल तर बरेच दिवस न वापरलेला नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला मिळू शकतो. म्हणून आधार, बँक आणि गॅस या तिन्हीकडे आपला चालू नंबर आहे ना, ते तपासा. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे सरकारच्या 'संचार साथी'वर बघता येतं, आणि हरवलेला फोन तिथूनच बंदही करता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो समोर येतो. त्याच वहीत लिहून ठेवा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

"मला नाही बाई यातलं काही कळत," हे वाक्य आपण फार सहज बोलतो. प्रेशर कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा आपल्या आया-सासवा माजघरात पळाल्या होत्या. पुढे त्याच बायका शिट्ट्या मोजून डाळ-भात लावायला लागल्या. एटीएमच्या दारातून मागे फिरणाऱ्या बायका आज आत जाऊन पैसे मोजून बाहेर येतात. फोनही तसाच अंगवळणी पडेल, पण त्यासाठी तो आधी आपल्या हातात पडायला हवा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे नि गाळण्या वाटतो. पुढच्या खेपेला वाणाबरोबर अर्धा तास जास्त काढा. ज्या दोघी-तिघींना येतं त्यांनी बाकीच्यांना बॅकअप घ्यायला शिकवावं, आणि प्रत्येकीनं स्वतःच्या नावाचा ई-मेल उघडूनच तिळगूळ घेऊन घरी जावं. खर्च काहीच नाही, आणि हे वाण वर्षभर उपयोगी पडेल.