परीक्षेपुरती शहाणी गाडी



पौष पौर्णिमेला आमच्या म्हशाला म्हसोबाची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर बैलबाजारही. दवाखान्यातून थोडी सवड मिळाली की मी त्या बाजारात एक फेरी मारतो. जुने शेतकरी बैल कसा पारखतात, हे पाहण्यासारखे असते. दात पाहतात, खूर पाहतात, पाठीवरून हात फिरवतात. पण तेवढ्यावर सौदा करीत नाहीत. बैल चालवून पाहतात आणि शक्य असेल तर जुंपूनही पाहतात. दावणीला बांधलेला प्रत्येक बैल गुणीच दिसतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

ही गोष्ट आठवण्याचे कारण असे. काही दिवसांपूर्वी पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका वृद्ध रुग्णाला त्यांचा मुलगा कल्याणहून गाडीने घेऊन आला. वृद्धांना फुप्फुसांचा जुना आजार आहे, ज्याला आम्ही सीओपीडी म्हणतो. तपासणी झाल्यावर बोलता बोलता मुलाच्या गाडीचा विषय निघाला. डिझेलची, दहा-बारा वर्षांची गाडी. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, मध्यंतरी ते प्रदूषणाचं प्रकरण झालं ना, त्यात ही गाडी होती. दुरुस्तीला बोलावलं होतं, फुकट करून देणार होते. पण मित्र म्हणाले, ते केलं की अ‍ॅव्हरेज पडतं, पिकअप जातो. मग मी नेलीच नाही. गाडी तर मस्त चालते.”

वडील धापा टाकतच हसले आणि म्हणाले, “गाडी मस्त चालते रे, मीच चालत नाही.”

त्या मुलाला मी दोष देत नाही. तो वडिलांची मनापासून सेवा करतो. परंतु त्याचे उत्तर माझ्या मनात घोळत राहिले. आजचा लेख त्याविषयीच आहे.

आधी ते प्रकरण काय होते, ते थोडक्यात सांगतो. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर जाहीर आरोप केला की, तिच्या डिझेल गाड्यांत चाचणीला फसवणारी संगणकप्रणाली बसवलेली आहे. प्रयोगशाळेत गाडीची चाके रुळांवर फिरवून धूर तपासतात. त्या वेळी चाके फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही. अशा खुणांवरून गाडीतील संगणक ओळखत असे की, आपली परीक्षा चालू आहे. परीक्षा चालू असेपर्यंत धूर शुद्ध करणारी यंत्रणा नीट काम करी. गाडी रस्त्यावर आली की ती सैल सोडली जाई. परिणामी नायट्रोजनची ऑक्साइडे ठरलेल्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत. हे उघड होण्याची सुरुवात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी केली. त्यांत अरविंद तिरुवेंगडम हे भारतीय संशोधकही होते. त्यांनी मोजणीचे यंत्र गाडीतच ठेवले आणि गाडी खऱ्या रस्त्यांवर शेकडो मैल चालवली. थोडक्यात, बैल जुंपून पाहिला. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या.

ही दूरदेशीची गोष्ट आहे, असे समजू नये. आपल्या पुण्यातील एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने भारतातील गाड्या तपासल्या. प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील आकड्यांत मोठी तफावत आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या.

आमच्या भागातील वाचकांना याहूनही जवळचे उदाहरण आठवेल. लग्नकार्याला, देवदर्शनाला आणि कित्येकदा रुग्ण हलवायलासुद्धा वापरली जाणारी टॅव्हेरा. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे १,१४,००० टॅव्हेरा गाड्या परत बोलावल्या. २००५ पासूनच्या गाड्या त्यांत होत्या. चाचणीच्या वेळी नियमात बसणारी इंजिने पुढे करण्याचा प्रकार त्या वेळी उघडकीस आला आणि कंपनीने काही कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. दहा-दहा माणसे भरून माळशेज घाट चढणाऱ्या त्या गाडीत आपल्यापैकी कोण बसले नसेल?

आता गाडीमालकांविषयी. अमेरिकेतील मालक संतापले. “पर्यावरणाला जपणारी म्हणून ही गाडी घेतली आणि आमच्याच हातून हवा बिघडवली”, असे त्यांतील अनेकांना वाटले. तेथे कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या, वर भरपाईही द्यावी लागली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०२० मध्ये मालकांचा भरपाईचा हक्क मान्य केला. भारतात मालकांना संगणकप्रणालीची मोफत दुरुस्ती तेवढी देऊ करण्यात आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नेमलेल्या समितीने या गाड्यांमुळे एकट्या दिल्लीत झालेल्या आरोग्यहानीचे मूल्य १७१.३४ कोटी रुपये धरले. मार्च २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला; पुढे सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवरील सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

माझ्या ओळखीच्या मालकांनी मात्र मला तीनच प्रश्न विचारले होते. अ‍ॅव्हरेज कमी होईल का? पिकअप जाईल का? विकताना किंमत पडेल का? प्रश्न रास्त आहेत. कष्टाच्या पैशांची वस्तू आहे. पण चौथा प्रश्न कोणीच विचारला नाही : गाडीमागे श्वास घेणाऱ्याचे काय?

आणि वाचकहो, तो मीही विचारला नाही. माझी स्वतःची गाडी डिझेलची होती. एकदा पीयूसीची मुदत संपली, तेव्हा ओळखीतून गाडी न नेताच मी प्रमाणपत्र मागवले. रुग्णांची गर्दी होती, वेळ नव्हता, अशी कारणे मी स्वतःला दिली. जी लबाडी परदेशातील अभियंत्यांनी कोट्यवधींच्या व्यवहारात केली, तीच मी शंभर-सव्वाशे रुपयांत केली होती. कागद स्वच्छ, धूर तसाच. हे मी आज लिहितो आहे, कारण त्या मुलाला उपदेश करण्यापूर्वी एवढे कबूल करणे मला आवश्यक वाटले.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराची दाटी मोजली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. म्हणून “माझ्या गाडीतून काळा धूर येत नाही” ही खात्री अपुरी आहे. रस्त्यावरच्या हवेत हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत. ते श्वासनलिकांचा दाह वाढवतात, दमेकऱ्याची धाप वाढवतात, उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो आणि अतिसूक्ष्म कणांतही भर पडते. शिवाय डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्येच नि:संदिग्धपणे सांगितले आहे. तरुण फुप्फुसे यातील बरेच सोसतात. उतारवयात फुप्फुसांची शिल्लक मुळातच कमी असते. तेथे थोडीशी भरही जड जाते.

त्या वृद्धांचा आजार मुलाच्या गाडीमुळे झाला, असे मी म्हणणार नाही. त्यांनी चाळीस वर्षे विडी ओढली आहे. त्यांच्या घरी चूल होती आणि चुलीचा धूर हा आमच्या खेड्यांतील फुप्फुसांचा, विशेषतः स्त्रियांच्या फुप्फुसांचा, मोठा शत्रू आहे. पण आधीच भरलेल्या गोणीवर आणखी एक पायली टाकताना वाहणाऱ्याला विचारावे की नाही?

ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. दारात गाडी सुरू ठेवून कोणाची वाट पाहू नये. आजी-आजोबा नीट बसल्यावरच इंजिन सुरू करावे. गाडी लावताना धुराच्या नळीचे तोंड पडवीकडे किंवा खिडकीकडे नसावे. घाटात ट्रकच्या मागे अडकल्यास काचा लावून आतली हवा फिरवणारे बटण सुरू करावे, परंतु रस्ता मोकळा होताच पुन्हा बाहेरची हवा घ्यावी. श्वासाचा पंप आणि स्पेसर डिकीतल्या पिशवीत नव्हे, तर रुग्णाच्या हाताशी असावा. सकाळचे फिरणे मुख्य रस्त्याच्या कडेने न करता शेताच्या वाटेने करावे. बोलताना एक वाक्य सलग पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा व रुग्णालय गाठावे.

मालकांनी आणखी दोन कामे करावीत. गाडी जुनी असेल तर तिचा चॅसिस क्रमांक घेऊन अधिकृत सेवाकेंद्रात विचारावे की, परत बोलावलेल्या गाड्यांत ती होती काय आणि दुरुस्ती राहिली आहे काय. दुसरे, पीयूसी गाडी नेऊनच करावी.

या प्रकरणातून माझ्या दवाखान्यातील एक जुनी सवयही मला नव्याने दिसली. मधुमेहाचे कित्येक रुग्ण तपासणीच्या आधी दोन दिवस भात सोडतात, गोड बंद करतात आणि “साखर बघा, किती छान आली” म्हणतात. म्हणूनच आम्ही तीन महिन्यांची साखर तपासतो. ती दोन दिवसांच्या पथ्याला भुलत नाही. रक्तदाबही एकदा दवाखान्यात मोजून भागत नाही. घरी, रोजच्या व्यवहारात तो किती असतो, हे पाहावे लागते. परीक्षेपुरते शहाणे होणे गाडीला शिकवावे लागले. आपल्याला ते उपजतच येते.

कायद्यानेही अखेर बैलबाजारातील शहाणपण स्वीकारले आहे. एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात नव्या गाड्यांचा धूर प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावर चालवूनही मोजला जातो. जुन्या गाड्यांची जबाबदारी मात्र त्यांच्या मालकांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर उरते.

मागच्या आठवड्यात त्या मुलाचा फोन आला. वडिलांची धाप कमी आहे, हे सांगितल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, “सेवाकेंद्रात विचारून आलो. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन बोलावलंय. अ‍ॅव्हरेज पडलं तर पडू दे.” अ‍ॅव्हरेज पडले की नाही, ते तो मला कळवणार आहे. वडिलांना पुढच्या तपासणीला त्याच गाडीने आणा, एवढेच मी त्याला म्हणालो.

पुढील अंकी भेटूच. तोवर प्रकृतीस जपा.