बगल दिलेले बंदर

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासग्रंथांतून रबौलचा उल्लेख येतो तो बहुधा एकाच वाक्यात : दोस्त राष्ट्रांनी रबौलला बगल दिली. न्यू ब्रिटन बेटाच्या ईशान्य टोकाला, ज्वालामुखींनी वेढलेले हे नैसर्गिक बंदर जपानने २३ जानेवारी १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाकडून जिंकून घेतले आणि तेथे दक्षिण पॅसिफिकमधील आपला सर्वांत मोठा तळ उभारला. सुमारे एक लाख सैन्य असलेल्या या ठाण्यावर थेट चाल करायची नाही, भोवतालची बेटे घेऊन त्याची कोंडी करायची, असे ऑगस्ट १९४३ मधील क्वेबेक परिषदेत ठरले. निर्णय शहाणपणाचा होता, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप आहे तो इतिहासलेखनाने त्या डावपेचाचीच भाषा उचलली, याला.

मराठीत आपण अडचणीच्या प्रश्नालाही बगल देतो. रबौलच्या बाबतीत हा दुसरा अर्थच अधिक खरा ठरला. सैन्ये पुढे निघून गेली तरी बॉम्बवर्षाव १९४५ पर्यंत चालूच राहिला, आणि त्याखाली केवळ जपानी सैनिक नव्हते. तेथे तोलाई लोक होते. ती भूमीच त्यांची होती. पीटर टू रोट हा तोलाई धर्मशिक्षक जपान्यांची बंदी मोडून आपले कार्य करीत राहिला आणि जुलै १९४५ मध्ये त्यांच्या कैदेत मारला गेला. २०२५ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला संतपद दिले; युद्धेतिहासात मात्र त्याचे नाव क्वचितच आढळते.

तेथे भारतीयही होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या आणि आझाद हिंद सेनेत न गेलेल्या भारतीय सैनिकांपैकी अनेकांना जपान्यांनी मजुरीसाठी या बेटांवर आणले. रबौलजवळच्या बिता पाका येथील युद्धस्मशानभूमीत त्यांची स्मारके आहेत. स्वातंत्र्याच्या कथेला हे सैनिक गैरसोयीचे, कारण ते नेताजींसोबत गेले नाहीत. साम्राज्याच्या विजयकथेत त्यांची जागा तळटीपेपुरती. दोन्ही कथांनी त्यांना बगल दिली. मराठी वाचकालाही आझाद हिंद सेना ठाऊक असते, रबौलचे कैदी सहसा नसतात.

हे मौन अटळ नव्हते, याचा पुरावा जपानी साहित्यात आहे. मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) हा चित्रकथाकार साधा सैनिक म्हणून रबौलला गेला आणि तेथील हवाई हल्ल्यात डावा हात गमावून बसला. १९७३ मध्ये त्याने न्यू ब्रिटनवरील एका तुकडीची कथा चित्रांतून सांगितली. मरणाचा हुकूम मिळालेल्या त्या तुकडीत भूक आहे, हिवताप आहे, वरिष्ठांच्या थपडा आहेत; वीरश्री मात्र नाही. ज्या ठिकाणी निर्णायक लढाई झालीच नाही, तेथेच युद्धाचे निरर्थक रूप त्याला सापडले.

६ सप्टेंबर १९४५ रोजी 'ग्लोरी' या विमानवाहू नौकेवर जनरल इमामुरा यांनी शरणागतीवर सही केली. सेनापतींच्या इतिहासाला तेवढी नोंद पुरते. साहित्याच्या अभ्यासकाला ती पुरू नये. वर्गात युद्धसाहित्य शिकवताना आपण रणभूमीचे वर्णन कसे केले आहे हे विचारतो; कोणत्या माणसांना वळसा घालून ते वर्णन पुढे गेले, हेही विचारायला हवे.