एसी आला, पण वायरीचे काय?

गेल्या एप्रिलात मोठे भाई कुवेतहून सुट्टीवर आले आणि पहिल्याच आठवड्यात अब्बांच्या खोलीत दीड टनाचा एसी बसला. अब्बांचे वय ७८, बायपास झालेली. चिपळूणकडचा दमट उकाडा त्यांना रात्र रात्र झोपू देत नव्हता. त्या रात्री ते गाढ झोपले आणि अम्मीने भाईंना भरभरून दुआ दिली.

दुसऱ्या रात्री एमसीबी पडली. वर केली, पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशी ओळखीचा वायरमन आला. बोर्ड बघून म्हणाला, “सर, १०ची एमसीबी आहे, बारीक पडते. ३२ची टाकतो. परत पडली तर मला सांगा.” काम पाच मिनिटांचे होते. भाई खूश झाले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी क्षणभर मलाही ते पटले. पण एसीची पिन काढायला गेलो, तर ती हातात धरवेना इतकी तापलेली.

मेन स्विच बंद करून वायरमनला सॉकेट उघडायला लावले. आत वायरीचे वेष्टण तपकिरी पडून कुरकुरीत झाले होते. ती लाइन घर बांधताना दिवे-पंख्यांसाठी टाकलेली, दीड एमएमची. त्याच लाइनवर फ्रिज, टीव्ही आणि आता एसी.

इथेच आपल्यापैकी अनेकांचा गैरसमज असतो. एमसीबी एसीच्या रक्षणासाठी नसते, ती भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी असते. वायरीला पेलणार नाही इतका करंट वाहू लागला की ती पडते. म्हणजे ती आपले काम करत असते. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. बारीक वायरीवर ३२ची एमसीबी बसवली, तर वायर पेटायला आली तरी एमसीबी पडणार नाही. आणि त्या भिंतीला लागूनच अब्बांचा पलंग.

हिशेब घरीही करता येतो. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३०ने भागा. दीड टनाचा एसी साधारण १,६०० वॅटचा, म्हणजे सुमारे ७ अँपिअर. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट करंट ओढतो. त्यात २,००० वॅटचा गीझर त्याच लाइनवर असेल, तर आणखी ९ अँपिअर.

म्हणून एसीला लाइन स्वतंत्रच हवी. आम्ही मुख्य बोर्डापासून थेट खोलीपर्यंत ४ एमएमची, आयएसआय शिक्का असलेली तांब्याची वायर ओढली. वाटेत एकही जोड नाही. फेज आणि न्यूट्रलसोबत तिसरी अर्थिंगची वायर. बोर्डात या लाइनसाठी २० अँपिअरची ‘सी’ प्रकारची वेगळी एमसीबी, आणि घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, कारण माणसाला शॉक बसला तर एमसीबी त्याला वाचवत नाही. वायरीची जाडी अंतरावर आणि एसीच्या आकारावरही ठरते, म्हणून काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या.

आणखी एक गोष्ट. वीज बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो १ किलोवॅट असेल आणि घरात एसी, गीझर, फ्रिज चालत असतील, तर आधी भारवाढीचा अर्ज करा. भाड्याच्या घरात असाल, तर घरमालकाशी बोलून घ्या.

हे सगळे व्हायला चार दिवस लागले. तोवर एसी बंद. भाई चिडले, “एवढा एसी आणला आणि अब्बा उकाड्यात!” अब्बाच म्हणाले, “अरे, ७८ उन्हाळे पंख्याखाली काढले, चार रात्रींनी काय होते?” त्या चारही रात्री भाई त्यांच्या उशाशी ओला टॉवेल घेऊन बसले होते.

भाईंनी एसीचे पैसे वर्षभर साठवले होते. वायरीचे पैसे मात्र आमच्यापैकी कोणीच धरले नव्हते. तुमच्याकडे यंदा एसी घ्यायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा आणि दोन्ही खर्च एकाच कागदावर मांडा.

आणि एसी आधीच असेल, तर आज रात्री एवढे करा. तो तासभर चालू द्या, मग बंद करून सॉकेटचे बटणही बंद करा आणि कोरड्या हाताने पिनला स्पर्श करा. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा प्लास्टिक जळाल्यासारखा वास येत असेल, तर लाइन तपासून होईपर्यंत तो एसी पुन्हा लावू नका.