दूरच्याचा वाटा

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात एक विलक्षण प्रकार घडला. अवघ्या ४०० यार्डांवरील दोन संस्थांमधील संगणकमार्गाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. तार शाबूत होती. पण सारेच एकदम घुसले, आणि हरवलेले संदेश पुन्हा पुन्हा पाठवीत राहिले.

सामाईक मार्ग वाटून घ्यावा, हे उघडच. पण कसा? समजा, इंदूर–नाशिक आणि नाशिक–पुणे अशा दोन तारा, प्रत्येकीची क्षमता ६. प्रत्येक तारेवर एकेक जवळचा ग्राहक. तिसरा मात्र इंदूरहून थेट पुण्याला बोलणारा, म्हणजे दोन्ही तारा अडविणारा. तिघांना ३–३ दिल्यास एकूण ९ पोचतात. तिसऱ्यास वगळल्यास १२! हिशेबनीस खूश होईल. पुण्याच्या ट्रंककॉलसाठी एकेकाळी ताटकळलेल्या आम्हांला मात्र हे मानवत नाही.

केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक केली यांनी १९९० नंतरच्या दशकात प्रमाणशीर न्याय मांडला. त्यानुसार दूरच्यास २, जवळच्यांस ४–४, एकूण १०. समान वाटणीच्या तुलनेत दूरच्याचे ३३ टक्के जातात खरे, पण जवळच्या दोघांनाही प्रत्येकी तेवढाच लाभ होतो. या वाटणीवरून मात्र कोठेही सरका, टक्केवारीत लाभ हानीहून अधिक भरत नाही. आम्हांला हा निवाडा पटतो.

व्यवहारात वाटणारा कोणीच नसतो. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या रीतीने प्रत्येक संगणक संदेश हरवताच स्वतःच हात आखडता घेतो, पोच मिळत गेली की पुन्हा वाढवितो. दूरच्याची पोच उशिरा येते. त्यामुळे या रीतीतही त्याच्या पदरी कमीच पडते.