मे महिना, पाहुणे आणि 'आपलं' जेवण

भांडगावात भर मे महिन्यात पाहुणे आले की पुरणपोळीच हवी, सुनेनं परदेशी काही केलं की नाकं मुरडायची, हे मला मुळीच पटत नाही. उपासाची साबुदाणा खिचडीच बघा ना! साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची... सगळी मूळची अमेरिका खंडातली. १४९२ च्या कोलंबसाच्या सफरीनंतरच इकडे आली. ती उपासाला चालतात, मग स्पेनचं गास्पाचो का चालू नये? टोमॅटो, काकडी, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल एकत्र वाटायचं नि गार करायचं. गॅस पेटवायलाच नको! ग्रीकांचं झात्झिकी तर जवळपास आपली काकडीची कोशिंबीर. परंपरेचा एवढाच पुळका असेल, तर पुरण वाटायला स्वतः बसा. बाईला शेगडीपुढे घामाघूम करणं म्हणजे पाहुणचार नव्हे.